सुरसागरच्या फेऱ्या

एकोणीस वर्षं एकच काम:
दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये
दर फेरीच्या आधी आणि नंतर
जे खरं उरतं, ते शोधायचं.
सलाइनच्या पंपाचं सापडलं,
मकरपुऱ्याच्या फाटकाचंही.
चौऱ्याऐंशी पानं, एक चूक,
तीही माझीच.

संध्याकाळी अप्पांना घेऊन सुरसागरला.
न्यायमंदिरासमोर आलो की विचारतात,
"काय हो बाई, आपण कुठल्या खात्यात?"
सांगते, तर्कशास्त्र.
"वा! मग पगार कोण देतं?"
पुन्हा न्यायमंदिर. पुन्हा बाई.

तिसऱ्या फेरीला लक्षात आलं:
नाव गळतं, नातंही;
रस्ता ओलांडताना माझ्या मनगटावरची
त्यांची पकड मात्र
तेवढीच.

हे मांडता येईल, चार ओळींत.

फेऱ्या कधीतरी थांबतात,
ते सिद्ध करायचं
मी अजून हातात घेतलेलं नाही.