हरकत नाही

सकाळी कॉफी नाही. कांदा नाही. साबण बिनवासाचा.
सत्तावीस वर्षं माझा नवरा रॉस्को
लसूण परतायला शेजारच्या अंगणात जातो
आणि शेजारीण त्यातला निम्मा खाते.

पास्कागूलाच्या प्रयोगशाळेत आम्ही सात नाकं.
सरकारी नाकं, दरवर्षी तपासलेली,
वजनकाट्यासारखी छाप मारलेली.
पांढऱ्या वाटीत कच्ची कोळंबी, वर चंदेरी कागद,
वाटीला तीन आकडी नंबर. बोटीचं नाव नाही.
कागद बोटभर उचलायचा,
तीन लहान श्वास, ससा घेतो तसे,
आणि झाकायचं.
मग कलिंगडाची फोड नाकाखाली धरायची.
ओल्या फडक्याने पाटी पुसावी
तसं नाक पुसून निघतं.
पुढची वाटी.

अमोनिया सोपा.
रात्रभर ओल्या राहिलेल्या दुपट्याचा वास,
कुठल्याही आईला कळतो.
अवघड असतं ते सडण्याच्या अलीकडचं.
आधी काहीतरी गोडसर होतं,
झाकण विसरलेल्या फळांच्या डब्यासारखं,
माल चांगलाच आहे असं पटवणारं.
तिथे नवी पोरं फसतात.
मीही फसले होते एकदा, मोबीलहून आलेल्या एका ट्रकला.
त्याबद्दल मी बोलत नाही.

मग त्या वर्षी समुद्रात तेल आलं.
पाणी बंद झालं. पाणी बंद करता येतं
हे मला फाइलीतूनच कळलं,
नकाशावर लाल पेन्सिलीने मारलेल्या चौकोनांतून.

खुआत थोआई रोज बायू ला बात्रेहून यायचा,
जुन्या पिकअपमधून, पंचवीस मैल.
त्याला आत घेता येत नव्हतं. तोही आत येऊ म्हणत नव्हता.
पार्किंगमध्ये सिगारेट ओढत उभा असायचा,
मी दिसले की विझवायचा.
माझ्या नाकासाठी.
हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

सातव्या आठवड्यात वाटी ४१८.
कागद उचलला.
तेल नाही. डिझेल नाही. काही नाही.
म्हणजे, अगदीच काही नाही असं नाही.
काहीतरी हिरवं, थंड,
कलिंगडाच्या सालीच्या आतली पांढरी बाजू असते तसं.
मला वाटलं फोडीचाच वास राहिलाय.
फोड दूर सरकवली, पुन्हा हुंगलं.
वास वाटीतूनच येत होता.

फॉर्मवर दोन चौकोन:
हरकत आहे. हरकत नाही.
मी दुसऱ्यात खूण केली.
तिसरा चौकोन नसतो.

पाणी उघडलं. शिक्के बसले.
बोटी गेल्या, भरून आल्या,
आणि गिऱ्हाईक येईना.
शिकागोच्या हॉटेलांनी फोन उचलले नाहीत.
दुकानांनी पाट्या लावल्या, आमच्याकडचा माल इथला नाही,
अभिमानाने, मोठ्या अक्षरांत.
आमची सहीची प्रत लोकांनी वाचली असेल,
पण सहीला वास नसतो.

नवव्या दिवशी थोआईने बादली आणली,
अर्धी कोळंबी, अर्धं बर्फाचं पाणी,
आणि पार्किंगमध्ये माझ्या पायाशी ठेवली.
"आता?"

मी वाकले. उचलायला कागद नव्हता.
तीन लहान श्वास.
तोच गोडसर वास, फळांच्या डब्याचा.
त्यालाही तो कळलेला होता, निघण्याआधीच,
वुंग ताऊला बापाच्या बोटीवर
हे नाक सात वर्षांचं असताना शिकलेलं.
त्याला फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"हरकत आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, काट्यावरचं वजन
आपल्या अंदाजाशी जुळल्यावर
माणूस हलवतो तशी.
बादली गटारात ओतली. बराच वेळ लागला.

सांगायचं नसतं, तरी मी सांगितलं:
सातव्या आठवड्यात एक वाटी आली होती,
कुणाची माहीत नाही,
तिला कलिंगडाचा वास होता.

"काकडी," तो म्हणाला.
"आधी काकडी. कलिंगड दुसऱ्या दिवशी."
आणि माझ्यासमोरच सिगारेट पेटवली.