पेन्सिलीने लिहिलेले भाव

रोसारिओत, बसस्थानकामागच्या गल्लीत
माझं दुकान आहे, दीड माणूस उभा राहील एवढं.
मी मोबाइल दुरुस्त करतो
आणि भाव पेन्सिलीने लिहितो.
पेन परवडत नाही.
शाईचं म्हणत नाही मी,
खोडता येत नाही, म्हणून.

सकाळी नऊला स्क्रीनचा एक भाव असतो.
अकराला घाऊकवाल्या फाबियानचा निरोप येतो :
थांब, विकू नकोस.
मग तीन वाजेपर्यंत मी
काचेमागच्या माझ्याच मालाकडे
गिऱ्हाइकासारखा बघत बसतो.

टीव्हीवर मंत्री सांगतात,
महागाई वाढण्याचा वेग कमी झालाय.
म्हणजे पडतोय आपण अजून,
फक्त जरा सावकाश.
शेजारचा भाजीवाला एलादिओ म्हणतो,
मग जमिनीलाही सांगा म्हणावं,
जरा सावकाश ये.

चॅनेल बदललं की ते घर.
अकरा माणसं कोंडलेली, चोवीस तास कॅमेरे,
कोणाला हाकलायचं ते देशानं ठरवायचं.
आमच्या गल्लीत कोणी नगरसेवकाचं नाव सांगू शकणार नाही,
पण गुलाबी केसांच्या त्या पोरीला
मंगळवारी कोणी दगा दिला
ते चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यालाही पाठ.
मला त्यातलं एकच बघायचंय :
पाच महिन्यांनी दार उघडेल,
विजेता बाहेर येईल, कोपऱ्यावर कॉफी मागवेल
आणि बिल येईल.
तेव्हाचा चेहरा दाखवा.
तो भाग मी जाहिरातींसकट बघेन.

परवा एक पोरगा आला.
फोटोत मागे उभी असलेली माणसं
आपोआप पुसणारा फोन आहे का, म्हणाला.
म्हटलं, त्याला फोन कशाला?
विमानतळ आहे की.
तो हसला नाही.
त्याचाही भाऊ गेला असेल कुठेतरी.
माझी लुसिला वालेन्सियात आहे,
तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते
आणि रविवारी मला विचारते, जेवलास का.

नेलिदाबाई आल्या त्या गुरुवारी.
फोन जुना, पुरात भिजलेला,
पावाच्या पिशवीत गुंडाळलेला.
म्हणाल्या, आतला आवाज काढून दे.
बाकी फेकलास तरी चालेल.
दोन दिवस मी भिंगाखाली
बुरशी खरवडत होतो, गंजाचे दाणे वेचत होतो
डाळीतले खडे वेचावेत तसे.
शनिवारी तो बोलला.
एकोणीस सेकंद.

'नेली, येताना पाव आण, किलोभर.
कोपऱ्यावरच्याकडून नको हं.
चाळीस पेसो घेतो मेला!
लुटारू आहे. लुटारू!'

दुकानात तिघं थांबले होते.
आधी एक फिसकन हसला, मग सगळेच.
चाळीस! कोणीतरी डोळे पुसत म्हणालं,
चाळीसात आता पावाचा वास तरी देतील का?
एलादिओ कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन
धावत आला, काय झालं विचारत.
मी पुन्हा लावला.
नेलिदाबाईही हसत होत्या,
पदर नसतो इकडे, म्हणून
तोंडावर ती पावाची पिशवी धरून.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा
कोणी हसलं नाही.
शेवटच्या 'लुटारू'नंतर
तो माणूस एक श्वास घेतो.
आधी दोनदा आमच्या हसण्यात
तो ऐकूच आला नव्हता.

पैसे मी पुरते घेतले.
भाडं थकलंय, खोटं कशाला बोलू.
त्यांनीही घासाघीस केली नाही,
फक्त निघताना म्हणाल्या,
तो कोपऱ्यावरचा पाववाला बिचारा चांगला होता रे.
मी तिथूनच आणायचे.
ह्यांना सांगितलं नाही कधी.

संध्याकाळी फाबियानचा निरोप आला.
मी खोडरबर घेतलं.
खोडून खोडून त्या कार्डाला
आज अखेर भोक पडलं.
डोळा लावून बघितलं :
पलीकडे टीव्ही चालू होता,
मंत्री बोलत होते,
आवाज बंद होता.
मी कार्ड उलटं केलं.
मागची बाजू अजून कोरी आहे.