वीत-दीड वीत

नियमात लिहिलंय, बिल्ला लावायचा तो
श्वासाच्या टापूत.
म्हणजे नाकातोंडापासून वीत-दीड वीत.
त्यापलीकडची हवा दुसऱ्या कुणाची.

इझमीरमधला जोड्यांचा कारखाना, तिसरा मजला.
दुर्दाने तळवे चिकटवते.
ब्रश बुडवते, फिरवते, फुंकर घालते.
फुंकर नको, म्हणालो मी.
ती हसली. फुंकल्याशिवाय सोलुशन धरतं का?

तिच्या कॉलरला बिल्ला टाचला.
कोटाच्या बटणाएवढा, पांढरा,
आत चिमूटभर कोळसा.
पंप नाही, तार नाही, आवाज नाही.
सात चाळीसला लावला, असं फॉर्मवर लिहिलं.

पलीकडच्या टेबलावरचा सेझाई म्हणाला,
मलाही द्या एक, मेडल म्हणून.
मालकाच्या मेव्हण्यानं धावत येऊन
खिडक्या उघडल्या. एकीचा
वर्षानुवर्षांचा रंग चर्रकन फाटला.
हेही लिहायला हवं होतं. रकाना नव्हता.

सहाला सुट्टी झाली
आणि दुर्दाने बिल्ल्यासकट घरी गेली.

सकाळी परत केला, ओशाळून, रुमालात गुंडाळून.
बस, मग बाजार, मग तव्यावर कांदा,
मग नातू खांद्यावर झोपला,
त्याचं तोंड इथे,
तिनं कॉलरवर बोट ठेवलं.
वीत कसली, चार बोटंसुद्धा नाही.
आणि त्याचाही टापू असणारच, छोटासा,
त्याच्या मधोमध तिचे केस.

दुपारी प्रयोगशाळेचा फोन: सतरा नंबर बाद.
साडेतेवीस तासांचा नमुना
आठ तासांच्या तक्त्यात बसत नाही.
बरं, म्हणालो.

संध्याकाळी हात पुसता पुसता तिनं विचारलं,
भरला की टाकून देता?
नाही, धुतो. एका द्रावणात हलवला की
कोळसा सगळं सोडून देतो.
टोल्युइन, हेक्झेन...
कांद्याचं काय होतं, ठाऊक नाही.
सगळं?
जवळजवळ सगळं.
किती वेळात?
अर्ध्या तासात.
तिनं उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली,
पुन्हा मिटली.
बरंय त्याचं, म्हणाली.

सतरा नंबर धुणार नाहीत, हे मी सांगितलं नाही.
तो माझ्या खणात आहे, डबीत, भरलेला.

जिन्यात ती पुढे, मी मागे.
चौथ्या की पाचव्या पायरीवर
तिची डावी चप्पल सुटून मागे राहिली
आणि ती उतरत गेली, नाकासमोर,
सेझाईशी वांग्यांच्या भावाबद्दल बोलत,
दुसरा मजला,
पहिला,
खालची गार फरशी.

मी चप्पल हातात धरून हाक मारली.
तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं,
मग पायाकडे.