मधल्या बोटाचं माप

मियो गावात हातमोजे शिवणाऱ्या आता आम्ही अकराजणी.
मी गिलेन. कोकराचं कातडं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते,
सकाळी टेबलाच्या कडेवर ताणते.
ते कुठे सैल सुटेल, कुठे अडेल, बोटांना कळतं.
कळायचं.

कोपरांवरचे खवले वीस वर्षांचे.
लांब बाह्यांत वाढवले त्यांना.
मालक म्हणायचे, कातड्याच्या धंद्यात
आधी आपली कातडी झाक, गिऱ्हाईक बघतं.

मग नखांवर टिंबं उठली, खोलगट, बारीक.
मी हसले. शिवून शिवून नखांचाच अंगुस्ताना झाला.
आणि मार्चमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट
मुळापासून टोकापर्यंत सुजलं.
एखादा सांधा नव्हे, अख्खं बोट.
डाव्या टाचेत, पलंगावरून उतरताना, खिळा.

नेमकं कुठे दुखतं?
ज्यानं दाखवायचं, तेच बोट दुखत होतं.

डॉक्टर केर्वेलाबाई रक्ताचा कागद दोनदा वाचतात.
तुम्हाला ज्या संधिवाताची भीती, त्याची खूण यात नाही.
तो बहुधा दोन्ही हातांना सारखा येतो.
तुमचा सोरायसिसचा. याला जोडीची पर्वा नसते.
कुणाचे दोन-तीनच सांधे धरतो,
कुणाचे दोन्हीकडचे पुष्कळ,
कुणाची नखाशेजारची पेरं, कुणाचा कणा.
आणि क्वचित, फार क्वचित, हाडं खाऊन बोटं आखूड करतो.

माझं माप कुठलं?
अजून बेतायचंय, बाई म्हणाल्या.

दुकानातल्या खालच्या खणात
जोडी हरवलेले मोजे असतात.
घरी येताना तोच खण डोळ्यांपुढे.

गोळ्या आठवड्यातून एकदाच, गुरुवारी.
रोज घेतल्या तर जिवावर बेतेल,
म्हणून भिंतीवर लाल पेन्सिलनं: गुरुवार.
शुक्रवारी मळमळ. पाच महिने.
कापायचं काम यानिसकडे गेलं, त्याची कात्री वाकडी चालते,
मी गप्प राहायला शिकले, म्हणजे थोडंफार.

मग क्षयाची तपासणी, मग इंजेक्शन.
जिथे शिवण नाही तिथे शरीर टाके घालतंय, बाई म्हणाल्या,
आपण त्याची सुई अडवू.
घातलेले टाके उसवणार नाहीत.
ताप आला तर थांबायचं, फोन करायचा.

फ्रिजमध्ये ते रोकफोरच्या तुकड्याशेजारी असतं.
ज्या मेंढ्यांचं दूध त्या चीजमध्ये,
त्यांचीच कोकरं माझ्या टेबलावर.
आता त्यांच्या रांगेत माझी मांडी, सुईची वाट बघत.

सूज ऐन भरात होती तेव्हा, एका रविवारी,
मी माझ्याच हाताचा मोजा कापला होता.
मधल्या बोटाला दोन पट्ट्या जास्त, रंग मोहरीचा.
कुणासाठी म्हणून यानिसनं विचारलं नाही.

काल घालून पाहिला.
मधलं बोट आत फिरतं, सैल.
पेर पूर्ण वळत नाही, ते नाहीच वळणार.
आत घ्यायचं तर दोन टाक्यांचं काम.

अजून घेतलेलं नाही.