कोरा रकाना

सुर्लाच्या सड्यावर, जांभ्याच्या खळग्यात
ओंजळभर माती, आणि तेवढ्यात
हे पांढरं.

गुडघे टेकते. भिंग डोळ्याला.
सहा पाकळ्या... नव्हे, परिदलं;
तीन बाहेरून, तीन आतून,
कुणीच कुणाचं आवरण नाही.
पुंकेसर सहा. त्यांचे तंतू खाली
एका पातळ पेल्यात शिवलेले,
म्हणजे नागदवणा बाद.
पेल्याच्या काठाला दाते, उंदरानं
कुरतडल्यासारखे. अंडाशय फुलाखाली.
ओलसर वहीत पेन्सिल दोनदा घसरते.

जानू झोरे म्हशी वळवत थांबतो.
“कितें सोदता?”
“ह्याचं नाव.”
“गोरवां हाका तोंड लायनात,”
आणि त्याच्यापुरती ओळख संपते.

माझी अडते कंदापाशी:
त्याची मान लांब की आखूड?
खुरपं पिशवीत आहे.
माती बोटाच्या दोन पेरांएवढी,
तिच्याखाली सगळा दगड.

खुरपं राहू देते.
कुळ लिहिते, प्रजाती लिहिते.
जानू वहीत डोकावतो. “हांगा कोरें कित्याक?”
“तो जातीचा रकाना.”

तो हसतो. काठीनं चिखल टोकरतो.
“आमचो मात कोण कोरो सोडिना,”
म्हणतो, आणि पुढे गेलेल्या म्हशींना
हाक घालतो, एकेकीच्या नावानं.