कळक

त्रिएस्तेत आज बोरा सुटलाय.
रस्त्याकडेचे दोर धरून माणसं चढ चढताहेत,
आणि टेकडीवरच्या प्रयोगशाळेत
पोलादी घुमटातली हवा पार संपावी म्हणून
नेवेंका कोस्माच तीन दिवस थांबली आहे.

आत तांब्याचा एकच स्फटिक, नखाएवढा.
घासून, तापवून, पुन्हा घासून
इतका कोरा केलेला
की त्याच्यावर अजून काही घडलेलंच नाही.

ती झडप केसभर उघडते.
ऑक्सिजन. चिमूटसुद्धा नाही,
चिमटीला राहिलेला वास म्हणा.

पडद्यावर राखाडी.
अकरा मिनिटं नुसती राखाडी.
ती चॉकलेटचा कागद उलगडते, परत घडी घालते.
तांबं आतल्या आत काय ठरवतंय कोण जाणे.

मग एका पायरीच्या कडेला,
कारण कोरेपणालाही पायऱ्या असतात
एकेका अणूच्या उंचीच्या,
काळा ठिपका.
दुसरा.
चौकोनी, कुणी आखून दिल्यासारखे.
आखून दिलंय खरंच, खालच्या अणूंच्या ओळींनी;
वाटेल तसं पसरायची मुभा नाही.
ठिपका वाढतो तशी पायरी मागे सरते:
अंगचं देऊन देऊन तांबं आपला कळक पोसतं.
पुढे चौकोनाला स्वतःचाच ताण सोसवत नाही,
तो लांबतो, पट्टी होतो,
आडव्या पट्टीला जाऊन भिडतो
आणि तिथेच अडतो.

फोन वाजतो. मोन्फाल्कोनेहून वडील.
छत्तीस वर्षं गोदीत जहाजांची पोटं खरवडली त्यांनी,
ती भुकटी खोकल्यात अजून आहे.
"जागीच? काय करतेयस?"
"गंज बघतेय, ताता."
पलीकडे बराच वेळ फक्त वारा.
"एवढं शिकून?"

तिला हसू येतं. त्यांना येत नाही.
"काढायचा नाही?"
"नाही. येऊ द्यायचा."
"हं." खोकला. "मग, कुठून सुरू झाला?"
"कडेवरून."
"ते मला विचारायचंस. रिव्हेटभोवती,
सांध्यात, रंगाऱ्याचा हात जिथे घाईत फिरला तिथे.
मधोमध पहिला कधी पाहिला नाही मी."

वहीत ती वेळ लिहिते, तापमान, दाब.
शेऱ्याच्या रकान्यात, स्लोव्हेनियनमध्ये, रिव्हेट हा शब्द,
मग खोडावा का म्हणून पेन वरच धरून ठेवते.

झडप मिटायची वेळ टळून गेलीय.
खिडकीची काच वाजतेय.
एक पट्टी अजून मोकळी आहे, वरच्या कोपऱ्याकडे निघालेली.