घसारा

येमूलशेठच्या टॉवेल कारखान्याच्या माळ्यावर
क्लबचं ऑफिस.
माग थांबले की बेरीज नीट लागते,
म्हणून मी पाळी बदलताना बसतो.

पार्क मैदानावर तिकिटं फाटली चारशे बारा,
माणसं हजारभर. असो.
प्रायोजकाने चेकऐवजी पाठवले दोनशे टॉवेल,
जमेला धरले.
चुना, डिझेल, रेफ्रीचं मानधन,
कडक भाकरी अकरा जणांच्या, खाणारे एकोणीस.

श्रीशैलला गोव्याच्या क्लबने उचललं.
त्या पैशात सगळ्यांचे थकलेले तीन पगार निघाले.
"काका, मला कुठल्या खात्यात मांडलंत?"
सही करताना विचारत होता.
हसलो.

मागाला दरसाल घसारा लावतो मी.
इरण्णाच्या डाव्या गुडघ्याला किती टक्के,
ऑडिटर सांगत नाही.
ती ओळ पेन्सिलीने लिहून ठेवलीय.